कप्पी घेऊन ये

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र केराच्या टोपलीकडे घेऊन निघाली असशील, तर जरा थांब. आधी चष्मा लाव, खुर्चीत बैस आणि शेवटपर्यंत वाच. मग खुशाल टाक. मागच्या आठवड्यात तुझ्या लेकाचा फोन आला होता. म्हणाला, मामा, आईला आता स्वतःच्या घरी परत यायचंय, फक्त पाण्यावाचून अडलंय, तर अंगणात एक बोअर मारून दे. मी नाही म्हणालो. कारणही दिलं नाही. तीस वर्षं जमिनीला भोकं पाडत हिंडलेला मामा सख्ख्या बहिणीच्या अंगणात मशीन लावायला नकार देतो, हे ऐकून तुझं डोकं किती तापलं असेल ते मला इथून दिसतंय. तापू दे. रागावलीस की तू जास्त छान दिसतेस, असं भावोजी म्हणायचे, आणि ते कधी खोटं बोलत नसत.

खोटं बोलणारा मी. पण ते पुढे येईल.

टोच्या हे माझं नाव तूच ठेवलंस, आठवतं का? हाती खिळा लागला की मी दिसेल त्याला भोक पाडायचो. डब्यांची झाकणं, दप्तर, तुझी चप्पल, आणि एकदा तर बाबांची नवी छत्री. छत्रीचा निकाल लागायचा होता त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती. आणि तू पुढे होऊन सांगितलंस की छत्री तुझ्या हातून फाटली. आठ दिवस तुझं खेळणं बंद झालं. मी खिडकीबाहेर उभा राहून तुला वाकुल्या दाखवत होतो, आणि तू हसत होतीस. तेव्हापासून माझा पक्का समज झाला, की मी काहीही फाडावं, ताई निस्तरेल.

म्हणून तर पाववाल्याच्या बोअरचा दिवस मला इतका लख्ख आठवतो. तुझं परसदार आणि त्याची भट्टी, मध्ये फक्त एक भिंत. तुझ्या विहिरीपासून चाळीस पावलांवर मी मशीन उभं केलं. दुपारी पाणी लागलं ते असं उसळलं, की भट्टीच्या छपरावर चढून बसलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. पाववाला भिजलेल्या अंगाने मला मिठी मारत होता. आणि तू, अगं तूच, तुझ्याच विहिरीच्या पाण्याचा चहा करून सगळ्यांना पाजलास. माझा भाऊ आहे तो, असं ज्याला त्याला सांगत होतीस. माझी छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं.

मग गल्लीला चटकच लागली. याचा बोअर दोनशे फूट, तर त्याला अडीचशे हवा. पाववाला सकाळ-संध्याकाळ नळी लावून रस्ता धूत बसायचा, जणू रस्त्यावरच कणीक मळणार होता. मास्तरीणबाईंनी अंगणात फरशी घातली आणि ती रोज इतकी धुतली की फरशीचा रंग गेला. आणि माझं काय विचारतेस? माझी टाकी भरून वाहायची, पाणी भिंतीवरून ओघळायचं, आणि मी चहा पीत तो आवाज ऐकत बसायचो. तुझी भावजय ओरडायची, मोटर बंद करा. मी म्हणायचो, जमिनीत काय कमी आहे? हे मी म्हणायचो, ज्याला दर वर्षी पाण्यासाठी आणखी पन्नास फूट खाली जावं लागत होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात तुझी विहीर आटली. तुझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून कधी न आटलेली विहीर. मी तुला सांगितलं, पाऊस कमी झाला, दुसरं काय. भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू विहिरीवरची कप्पी काढलीस, पुसलीस, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलीस आणि लेकाकडे निघून गेलीस. अकरा वर्षं झाली. सणावारी फोन करतेस, पण बोलतेस फक्त भावजयीशी.

आता माझं ते खोटं कबूल करतो. बोअरच्या वरच्या भागात पोलादी पाइप घालतात, तो सलग हवा, म्हणजे वरच्या थरातलं पाणी खाली गळून जात नाही. तुझ्या विहिरीला पाणी यायचं ते तीस फुटांवरच्या लाल मुरमातून. पाववाल्याच्या बोअरमध्ये तोच मुरूम लागला, त्याची ओली पूड मी बोटांनी चोळून पाहिली, लगेच ओळखली. आणि तरीही नेमकं तेवढ्या उंचीवर पाइपला मी स्वतः भोकं पाडली. पाणी जास्त उसळावं, टाळ्या जास्त पडाव्यात म्हणून. ताई, पाऊस कमी नव्हता. तुझी विहीर त्या भोकांतून पाववाल्याच्या बोअरमध्ये उतरत होती, आणि तू चहा पाजत होतीस तेव्हाच हे मला माहीत होतं. छत्रीचं पाप तू स्वतःवर घेतलंस, आणि मी माझं माझ्यावर घ्यायला अकरा वर्षं लावली. मला फार लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी पाववाल्याचाही बोअर कोरडा पडला. आणखी शंभर फूट खाली चल, म्हणाला. मी नेहमीसारखा आरशाने ऊन आत सोडून वाकून पाहिलं. तीस फुटांवर माझीच भोकं, आणि त्यांतून उरलंसुरलं पाणी टिप टिप खाली जात होतं. खाली पडल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. मी कानाला खडा लावला. मशीन तिथूनच परत नेलं.

मग नऊ दारं फिरलो. गल्लीतल्या नऊ बोअरना मी अशीच भोकं पाडली होती. प्रत्येक दारात उभं राहून तेच सांगायचं, की चूक माझी आहे. मास्तरीणबाईंनी मला तीन दिवस दारातूनच परत पाठवलं, चौथ्या दिवशी आत घेतलं आणि पाऊण तास असं झापलं की मला पुन्हा पाचवीत बसल्यासारखं वाटलं. मग स्वतःच वही-पेन्सिल घेऊन गल्लीभर हिंडू लागल्या, कोणत्या छपराचं पाणी कुठून वळवायचं ते काढायला. मी नऊही बोअरमध्ये आतून सलग पाइप घातले, बाजूने सिमेंट भरलं. छपरांचं पाणी वाळू-खडीतून गाळून तुझ्या विहिरीमागच्या खड्ड्यात आणलं. माझी टाकी आता वाहत नाही. मोटर बंद करायला मी स्वतः उठतो, हे शेजारी बसून वाचणाऱ्या भावजयीला विचार, तीही खात्री देईल. आणि पाववाला आता झाडूने रस्ता झाडतो. नळीला त्याने टोमॅटोचे वेल बांधलेत.

रोज सकाळी मी तुझ्या विहिरीत एक खडा टाकायचो. टक्क. दीड वर्ष रोज टक्क. आणि गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी, ताई, डुबुक. मी दुसरा टाकला. डुबुक. मी काठावर अशा उड्या मारल्या की भावजय मी आत पडलो समजून दोर घेऊन धावली. तिच्या मागून पाववाला आला, मास्तरीणबाई आल्या, आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने खडा टाकून ऐकायचं होतं. शेवटी भावजयीने सगळ्यांना दम दिला, की आता पुरे, नाहीतर ताई येईपर्यंत विहीर खड्यांनी भरेल.

तर नाही म्हणालो ते म्हणून. तुझ्या अंगणात बोअर मारला तर हे पाणी पुन्हा खाली जाईल. पंप लावलास तर आठवड्यात तळ दिसेल. पण हाताने ओढलंस, आणि लागेल तेवढंच ओढलंस, तर तुला पुरून मास्तरीणबाईंच्या कुंड्यांना उरेल. पाणी आता छातीभर चढलंय, गोड आहे की नाही ते मला ठाऊक नाही, कारण अजून कुणीही एक थेंब काढलेला नाही. पाववाला राखण करतो. बाजारात नव्या कप्प्या ढिगाने मिळतात, मी आणली नाही. तुझी ट्रंकेतली काढ, तेल घाल आणि घेऊन ये. पहिला पोहरा तूच ओढायचास. तो भरून वर आला, की वाटलं तर चहाला आधण ठेव, नाहीतर सगळा माझ्या डोक्यावर ओत. मी तिथेच उभा असेन, छत्री न घेता.

तुझाच, अजून तुझाच,
टोच्या