चार नंबरचा पत्ता

३ मार्च २०१५
आधीच्या व्यवस्थापिका एकही लेखी नोंद न ठेवता गेल्या, म्हणून मला रोज लिहिणे भाग आहे. सुकापूरचे हे डायलिसिस केंद्र स्वच्छ, हवेशीर. पाच खाटा, प्रत्येकीशेजारी संगणक; काउंटरवर आणि माझ्या टेबलावर आणखी एकेक. चार नंबरची खाट रिकामी. तिथला संगणक मात्र चालू, कारण तोच सर्व्हर. रुग्णांची यादी तिथूनच येते. काउंटरवरच्या मोनालीने फक्कड चहा दिला. इथे मन रमेल.

५ मार्च
प्रोग्रामर दीपेश सांगतो, सर्व्हरशी बोलणारा कोड आपोआप तयार होतो आणि त्यात चार नंबरच्या संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता पक्का असतो. हाताने बदलला तरी पुढच्या वेळी पुन्हा तोच. मी बजावले, पत्ता कोडमध्ये नकोच. प्रोग्राम सुरू होताना सेटिंगच्या फाइलमधून वाचावा. म्हणाला, मॅडम, तुमच्या काळी संगणक होते? होते. कपाटाएवढे.
सफाईच्या भीमाबाई म्हणाल्या, त्या खाटेवरून कोनी उठला नाय, बाई. ते डबडं हाय तिथंच असू द्या. यादी बाकीच्या सगळ्या संगणकांवर उतरवून मी ते भंगारात काढले.

९ मार्च
चाचणीसाठी दीपेशने सेटिंगच्या फाइलमध्ये मोनालीच्या संगणकाचा पत्ता दिला. उत्तम चालले. यादीत एक नाव जादा: मोनाली. उद्या, १२.४०. शेरा: समाप्त. दीपेशला झापले. शपथेवर नाही म्हणतो. मोनाली म्हणाली, निदान जेवू तरी द्यायचं!

१० मार्च, ११.००
जुन्या याद्या काढल्या. चार नंबर, अकरा नावे. प्रत्येक शेरा मृत्यूच्या आदल्या दिवशीचा. दोष खाटेचा नव्हता. पत्ता ज्या संगणकाचा, तिथला माणूस जातो — खाट रिकामी होती म्हणून ते, जे काही आहे ते, गप्प होते. मी त्याला वाट करून दिली.

११.५०
मोनालीला घरी पाठवले. यादीतून नाव जात नाही. फाइलमधली पत्त्याची ओळ कोरी ठेवली. तिचाच पत्ता परत आला. चार नंबरचा संगणक भंगारात गेला. उरले चार रुग्णांचे, आणि माझा —

१२.२५
मोनालीचा फोन. नाकातून रक्त, थांबत नाही —

१२.३१
माझा पत्ता घातला. तिचे नाव गेले, माझे आले. वेळ तीच. रक्त थांबले. फोनवर म्हणते, मॅडम, तुम्ही का रडताय?

१२.३८
दीपेशच्या ताब्यात दिले: किल्ल्या दोन. पासवर्डची वही. ही रोजनिशी. सेटिंगची फाइल, तिला हात लावू नये. माझे टेबल रिकामेच ठेवावे, नव्या माणसाला तिथे बस