कॅमेरा ठरेपर्यंत

१० नोव्हेंबर, बेळगाव
कॅम्पात फर्नांडिसकाकांच्या दुकानात दीड तास. मिररलेस हातात घेतला. इतका हलका की वाटलं, आत काहीतरी बसवायचं राहिलंय. काका म्हणाले, "आत आरसाच नाही मॅडम. आरसा गेला, वजन गेलं. आमच्या घरी उलटं. वजन वाढलं, मग मिसेसनं आरसा काढून टाकला." स्वतःच हसले. मग माझ्या उजव्या हातावरच्या घट्ट पट्टीच्या बाहीकडं लक्ष गेलं आणि काउंटरची काच पुसायला लागले.

घरी येऊन माझा जुना डीएसएलआर स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवला. लेन्ससकट पावणेदोन किलो. बारा वर्षं, चार प्रवासाची पुस्तकं. दुकानातला त्याच्या निम्म्याहून कमी. यापुढं हा थोरला, तो धाकटा.

ऑपरेशनला वर्ष झालं. स्तन गेला त्याचं आता तेवढं वाटत नाही. काखेतल्या गाठींबरोबर हात गेला त्याचं वाटतं. डॉक्टरीणबाईंचं एकच: या हातानं जड काही नको. संध्याकाळी बोटं फुगतात.

डिसेंबरात आईला घेऊन शिखरजी, आम्हा जैनांचं सगळ्यात मोठं तीर्थ. अनवाणी डोंगर, वर टोंका, म्हणजे तीर्थंकरांच्या पावलांची छोटी देवळं, चढ-उतार मिळून सत्तावीस किलोमीटर. आई डोलीत, मी पायी. पाचव्या पुस्तकाचा शेवट तिथं व्हावा असं मनात आहे. थोरला नेला तर हात राहायचा नाही. धाकटा नेला तर

उद्या बघू.

१३ नोव्हेंबर
काकांनी धाकटा वापरून बघायला घरी दिला. सकाळी बेळगुंदीच्या वाटेवर. भातकापणी चाललीय. एक बाई विळा हातात धरून फोटोसाठी उभी राहिली. मी काढला. ती हलेना. श्वास धरून तशीच. "झाला की," म्हटलं. "काढलासा व्हय? आवाजच न्हाय आला. मी आपली थांबलीय दगडावानी." बाकीच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "हिला तेवढीच इस्रांती."

धाकट्यातून दिसतं ते चित्र असतं. आतल्या इवल्या पडद्यावरचं. थोरल्यात समोरचा उजेड आरशावरून थेट डोळ्यात येतो. पण थोरल्याचं बटण दाबलं की आरसा वर जातो आणि डोळ्यापुढं क्षणभर काळोख. म्हणजे बारा वर्षांत जे जे टिपलं, नेमकं तेवढंच मी बघितलेलं नाही. माहीत होतं. आज टोचलं.

धाकट्याची बॅटरी दुपारपर्यंत संपली. थोरला दोन दिवस सहज जातो. डोंगरावर चार्जिंग कुठलं.

१६ नोव्हेंबर, निपाणी
अण्णाकडं, भावाच्या घरी. आई इथंच असते. तिला सांगितलं, "डिसेंबरचं जरा पुढं ढकलूया. कॅमेरा ठरला की लगेच जाऊ."
"बरं," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "कॅमेऱ्यावाचून डोंगर चढत न्हाय का गं?"
अण्णा पेपरातून वर न बघता: "तिला फोटो पायजे आई. देव दिसला काय, न्हाय दिसला काय."
लागलं. कारण निम्मं खरं आहे.

थोरला मांडीवर घेऊन आईनं त्याच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. "कातड्याचा हाय. हा डोंगरावर चालायचा न्हाय." चार पुस्तकं काढली, कितीतरी बस्त्यांच्या, आमच्या देवळांच्या, पायऱ्यांवर बसून फोटो काढले, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पट्टा तिथंच सोडवून टाकला.

आई वाळली आहे. पोलक्याची बाही दंडावर ढिली. जेवताना भाकरी आणि नुसतं वरण. ताक नाही, गुळाचा खडा नाही. चातुर्मास संपून दहा दिवस झाले, तरी तिचा नियम सुटलेला दिसत नाही. मी विचारलं नाही. कुणी कशाचा त्याग केलाय ते आमच्यात विचारत नाहीत. ताटात जे नाही ते नाही. वाढणारीनं ओळखायचं. अर्ध्या भाकरीवर ताट सरकवलं. "साकु." म्हणजे पुरे. पोट भरलं की तिचं कानडी.

२४ नोव्हेंबर, बेळगाव
आठवडा यातच गेला. इंटरनेटवर माणसं या दोन कॅमेऱ्यांवरून भावकीसारखी भांडतात. धुक्यात कोण टिकतो, लेन्स बदलताना धूळ कुणाच्या आत जाते, बोटं गारठल्यावर कुणाची पकड चांगली. वहीत दोन रकाने केले. दोन्ही सारखे भरले.

काका फोनवर: "धाकटा राहू दे अजून तुमच्याकडं. पण ठरवा मॅडम. नाहीतर तोवर बाजारात तिसराच येईल."

थोरल्याला खांद्याची पिशवी करून पाहिली, कमरेचा पट्टा करून पाहिला. वजन कमरेवर येतं, पण डोळ्याला लावायला उचलावंच लागतं ना. आणि उचलणारा हात तोच, सुजणारा.

हे सगळं मी वजनासाठी करते आहे की जायचं लांबवायला? वर्षापूर्वी मरणाच्या इतकं जवळ जाऊन आल्यावर त्या डोंगराची भीती वाटते, हे कुणाला सांगणार. वर पोचल्यावर देवाला काय विचारायचं तेही ठरलेलं नाही.

३ डिसेंबर
आई परसात पडली. सकाळी अण्णाचा फोन. शुद्ध आहे, पण बोलणं भलतंच. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या बाबांना चहा द्या म्हणते. दुपारी तिला बेळगावला आणलं. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. गाडीतून उतरवताना तिनं माझ्याकडं ओळख नसल्यासारखं बघितलं.

रक्तातलं सोडियम फार खाली. डॉक्टर: "जेवणात मीठ किती असतं?"
मी आणि अण्णा वहिनीकडं वळलो. ती खाली बघून म्हणाली, "मीठ न्हाय त्यांच्या जेवणात. सोळा तारखेपासनं."
बीपीच्या गोळीनं आधीच मीठ जात होतं म्हणे. त्यात हे.

४ डिसेंबर
शुद्धीवर आली. हाताला सुई, वर बाटली. तिनं बाटलीकडं बघितलं, नर्सकडं बघितलं.
"बाई, ह्यात मीठ हाय काय?"
नर्स बोलायच्या आत अण्णा: "न्हाय आई. औषध हाय नुसतं. ताकतीचं."
नर्सला मराठी येत होती. तिनं बाटलीची चकती उगाच फिरवल्यासारखं केलं आणि गेली.

अण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. खोटं बोलत नाही. तंबाखूच्या धंद्यात त्यापायी त्याला लोक खुळा म्हणायचे.

थोड्या वेळानं आई मला जवळ बोलावून हळूच: "जिभेला खारट लागतंय गं."
"औषधाची चव असती," म्हटलं.
आता आम्ही दोघं.

५ डिसेंबर
दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये वहिनीनं सगळं सांगितलं. चहा तसाच राहिला.

"तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी मुनी महाराजांच्या पुढं नियम घेतला वन्सं. पोरगी जगली तर तिला घेऊन शिखरजी करीन, तवर तूप न्हाय. मग तुम्ही जायचं पुढं ढकललासा, तवा दूध सोडलं. परत ढकललासा, दही. एकेक रस."
"मला का नाही सांगितलं?"
"त्यांनी सांगू नगो म्हटल्या. पोरीवर भार कशाला. आणि तुम्ही तरी कुठं इचारलासा?"

घरी येऊन या वर्षाची रोजनिशी मागं उलटत गेले.
फेब्रुवारी: 'हात सुजला. शि. पुढं.' दूध.
एप्रिल: 'प्रुफं आली. शि. आता नको.' दही.
ऑक्टोबर: 'अजून आकाश स्वच्छ नाही. फोटो धुरकट येतील. शि. डिसेंबरात.' गूळ, साखर, गोड सगळं.
नोव्हेंबर, सोळा: 'कॅमेरा ठरला की.' मीठ.

माझ्या अक्षरात, माझ्या पेननं. हाताचं एक समजू शकते. उजेडासाठी मी आईचं गोड तोडलं. दोन यंत्रांत ठरेना म्हणून मीठ.

आमच्यात सोडायचे रस सहा: तूप, दूध, दही, गोड, मीठ, तेल. तेल तेवढं राहिलंय.

९ डिसेंबर
आई घरी, निपाणीला. गोळी बदलली. डॉक्टर म्हणाले, दोन महिने प्रवासाचं नाव काढू नका आणि मीठ खायलाच हवं. आई मान डोलावते. खात नाही.

अण्णा चिकोडीकडं महाराजांना विचारून आला. ते म्हणाले, शरीर साथ देत नसेल तर प्रायश्चित्त घेऊन नियम सोडता येईल. पण सोडायचं तिनं स्वतः मागायला हवं. दुसऱ्यानं मागून चालत नाही.
आईला सांगितलं. म्हणाली, "मी कशाला मागू? मी काय मोडलंय?"
अण्णाचा चेहरा बघवला नाही. बाहेर येऊन मला म्हणाला, "सांगून टाकूया का बाटलीचं?"
"सांगितलं तर?"
"तर नियम मोडला म्हणून उपवास धरंल. त्यातच जाईल."
"आणि नाही सांगितलं तर?"
तो चपला घालून गेला.

११ डिसेंबर
दोन्ही कॅमेरे बरोबर आणलेत. का, माहीत नाही. आईला उन्हात बसवलं होतं. तिनंच मागितले. आधी थोरला. तो मी खालून धरला, तिनं डोळा लावला. बराच वेळ बघत होती. पेरूचं झाड, वाळत घातलेली लुगडी, मांजर.
"ही खिडकी हाय," म्हणाली.
मग धाकटा. "हे टीव्ही." परत दिला. परत मागितला. "पण हलका हाय गं. पोरगं उचलल्यावानी न्हाय वाटत." मग माझ्या दंडाकडं बघून, "हे तुझं तूच ठरव. मला त्यातलं कळत न्हाय."

तिचा फोटो काढायचा होता. धाकट्यानं काढला, आवाज न करता. बघितला. त्यात एक म्हातारी आहे जी मी वर्षभर बघितली नव्हती. गळ्याची हाडं, मनगटाची गाठ. एवढं वाळणं एका आठवड्याचं नसतं. दर महिन्याला येत होते मी. तिच्यासमोर जेवत होते. पापड मागत होते.

१४ डिसेंबर
रोजचा हिशेब मनात चालू. नेलं तर: दोन रात्रींची रेल्वे, थंडी, डोलीत सबंध दिवस. डॉक्टर म्हणाले, सोडियम पुन्हा घसरलं तर डोंगरावर कुणी काही करू शकणार नाही. नाही नेलं तर: मीठ सुरू होणार नाही, म्हणजे इथंच घसरणार. सावकाश, पण घसरणार. शिवाय माझ्या तोंडून 'पुढं' हा शब्द निघाला की तेल.

अण्णा: "मी तर न्यायलाच तयार हाय. वाटेत काय झालं तर शिखरजीच्या वाटेवर झालं म्हणायचं."
वहिनी: "बोलाय सोपं हाय. त्यास्नी उचलायचं कुणी?"
वहिनी सहसा त्याला उलट बोलत नाही.

मी आईला म्हटलं, "कॅमेरा नकोच. तसंच जाऊ कधीतरी, तू बरी झालीस की."
"कधीतरी न्हाय," म्हणाली. "तू म्हटलीस, कॅमेरा ठरला की लगेच जाऊ. मी तेच धरून हाय."
माझं वाक्य. माझ्याही ध्यानात राहिलं नसतं. तिनं त्यावर मीठ ठेवलंय.

१७ डिसेंबर
पहाटे हात ठणकत होता. उठून ही वही घेतली. लिहिलं काही नाही.

नऊला आई स्वतःच्या पायानं स्वयंपाकघरापर्यंत आली, भिंतीला धरून. वहिनीनं पाट दिला. मी भाजी चिरत होते, डाव्या हातानं, वाकडीतिकडी. आई ते बघत होती. मग सरळ विचारलं,
"ठरला का गं कॅमेरा?"
आवाजात राग नाही, घाई नाही. बाजारातून भाजी आणलीस का असं विचारावं तसं.
अण्णा दारात येऊन थांबला. माझ्याकडं बघितलं नाही.
हो म्हटलं तर या आठवड्यात निघायचं, डॉक्टर काहीही म्हणोत. कुठला ते सांगावं लागेल, आणि त्यानंतर ती मागं फिरणार नाही. नाही म्हटलं तरी ती 'बरं'च म्हणेल.
"हात धुऊन येते," म्हटलं आणि माजघरात आले. तेव्हापासून हे लिहिते आहे. दोन्ही कॅमेरे समोर खाटेवर. एकालाही हात लावलेला नाही.

स्वयंपाकघरातून अजून फोडणीचा आवाज नाही. मोहरीची वाटी वहिनीच्या हातात होती, चूल पेटलेली. ती फोडणी न घालता थांबली आहे. आईच्या भाजीत तेल घालायचं की नाही, ते माझ्याकडून कळेपर्यंत.