नागलीच्या पापडांचा भाव

मॅडम, काल मी तुमच्या प्रयोगशाळेत उभं राहून मुलांना उद्योजकता शिकवून आले. शिकवून म्हणजे काय, तासभर बडबड केली. कॉलेजने पाहुणी म्हणून बोलावलं होतं. समोर सगळी बीएस्सी आणि बीएची मुलं, कॉमर्सचं एकही नाही, अगदी आमच्या वेळेसारखं. एका मुलीने विचारलं, तुम्ही हे कुठे शिकलात? मी तुमचं नाव सांगितलं, तर ते कुणालाच माहीत नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की पुढच्या प्रश्नाला मी भलतंच उत्तर दिलं. कालपासून तुमच्याशी बोलायचं डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या. शनिवारचा उद्योजकतेचा वर्ग कॉमर्सच्या सरांनी टाळला म्हणून तुमच्या गळ्यात पडला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. कॉमर्सची पोरं जिन्यात आम्हाला चिडवायची, फुलापानांवाले आता दुकान टाकणार म्हणून. पहिल्याच दिवशी तुम्ही सांगून टाकलंत, "धंदा म्हणजे काय ते मलाही नीट माहीत नाही. आपण मिळून बघू." मी आले होते ती शनिवारी वसतिगृहात बसून करायचं काय म्हणून. खरी काळजी वेगळीच होती. वडील मी शाळेत असतानाच गेलेले. भात काढून झालं की आई आमच्या पेठकडच्या डोंगरातल्या गावातून खाली द्राक्षबागांवर मजुरीला जायची, त्यावर घर चालायचं. त्या वर्षी तिचे गुडघे सुजले होते. पुढच्या हंगामात ती गेली नाही तर कॉलेज सोडून मला जावं लागणार, हे दिसत होतं.

मग ते स्नेहसंमेलन. घरून काहीतरी आणून विका, असं तुम्ही सांगितलेलं. माझ्या टेबलावर आईचे नागलीचे पापड आहेत, शेजारी शेगडी आहे, आणि येईल त्याला मी भाजून हातात देते आहे. आमच्याकडे दाराशी आलेल्याला खायला घालतात, त्याचे पैसे घेत नाहीत. त्यातून "कुठल्या गावची गं तू?" असं ज्याने विचारलं तो तर घरचाच झाला. ग्रंथालयातल्या बाईंनी विचारलं, मैत्रिणीच्या आईने विचारलं, शिपाईमामा तर आमच्या शेजारच्या सुरगाण्याचेच निघाले. त्यांना मी कोरडे पापडही कागदात बांधून दिले. दुपारपर्यंत डबा रिकामा झाला. लोक खूश, मीही खूश. शेवटची चवड तेवढी तुमच्यासाठी राखून ठेवली होती. तुम्ही आलात, पर्स उघडलीत, आणि मी म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून कसले पैसे?"

तुम्ही पर्स मिटलीत. चवड परत टेबलावर ठेवलीत.

"लाटले कोणी?"

"आईने."

"मग ते फुकट वाटणारी तू कोण? तुझ्या हातचं असेल ते वाट खुशाल."

सगळ्यांसमोर. मला तुमचा असा राग आला, की वर्षभर तुमचं तोंड बघू नये असं वाटलं. त्यानंतर एकाही शनिवारी मी वर्गाकडे फिरकले नाही. शहरातल्या पगारदार बाईला आमची रीत काय कळणार, असं मैत्रिणींना तावातावाने सांगत सुटले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही आमच्या अंगणात उभ्या. न कळवता, नाशकातल्या सीबीएस स्टँडवरून एसटी पकडून, फाट्यापासून उन्हात चालत. आईला म्हणालात, इकडची रोपं बघायला आलेय. रोपं तुम्ही एकही बघितली नाहीत. आई जुन्या साडीवर पापड घालत होती, ती लगबगीने उठली. "आधी पाणी घ्या बाई, लय ऊन हाय." तुम्ही भाकरी खाल्लीत, उडदाची आमटी दोनदा मागून घेतलीत, पापड तर विचारू नका. मी कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेले. निघताना तुम्ही पिशवी झटकलीत आणि आईला विचारलंत, "हे मला न्यायचेत. काय भाव?"

आईने पदर सावरला. "तुमच्याकडनं काय घ्यायचं बाई? तुम्ही पावण्या."

"बसून खाल्लं ते पाहुणी म्हणून खाल्लं. पिशवीत घालून नेणार ते गिऱ्हाईक म्हणून."

मला वाटलं, आई आता माझ्याकडे बघणार. तिने बघितलंच नाही. सरळ भाव सांगितला, सणसणीत. मी ओशाळून ओरडलेच, "आई, एवढा कसा?"

"लय दिस मनात धरून होते," ती म्हणाली.

आणि तुम्ही, मॅडम, चक्क घासाघीस करायला लागलात! हे जास्तच झालं, नाशकात कमी पडतं, काहीही. आई हलली नाही. शेवटी तुम्ही तिने सांगितलेल्या भावानेच घेतलेत आणि जाताना इतक्या खुशीत होतात, की माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. जूनमध्ये मी गुपचूप वर्गात येऊन बसले. तुम्हीही काही विचारलं नाहीत, मेनरोडवरच्या दुकानांत नमुने घेऊन पिटाळलंत फक्त. बऱ्याच ठिकाणी "बघू, नंतर या" ऐकलं, थोड्या ठिकाणी माल ठेवून घेतला. त्या हंगामात आई बागांवर उतरली नाही. मीही नाही.

आता गावात पत्र्याची शेड आहे, बाया कामाला आहेत, पाकिटावर छापील भाव आहे. हे बघायला तुम्ही हव्या होतात. माझ्या शेवटच्या वर्षाला तुम्ही आजारी पडलात आणि दिवाळीच्या सुमारास गेलात.

एक सांगायचं राहिलंय. ती बातमी घेऊन मी घरी गेले, तेव्हा आईचे हात पिठात होते, पहिली मोठी ऑर्डर चालली होती. नंतर सांगू म्हटलं. ते नंतर काही आलं नाही. गावात तुम्हाला ओळखणारं दुसरं कुणी नाही, त्यामुळे तिला कळलंही नाही. अजून ऊन तापायला लागलं की ती विचारते, "बाई यंदा तरी येतील का गं?" आणि लगेच बजावते, "त्यांना सांगून ठेव, भाव वाढला हाय. आता घासाघीस चालायची नाय."

मी म्हणते, सांगते.