उन्हाळ्याला कुठला वास?

२ मार्च, सोमवार

खोका रिकामा!

म्हणजे अगदी रिकामा नाही. आत सहा काचेच्या बरण्या, धुऊन-पुसून उपड्या ठेवलेल्या. मेणाचा थेंब नाही. झाकणावर हिच्या अक्षरात – ‘उन्हाळा’.

कपाटावर असे तीन खोके. थंडी, पाऊस, उन्हाळा. ऑक्टोबरात ही गेली तेव्हा थंडीचा खोका खाली काढून ठेवलेलाच होता, त्यामुळे प्रश्न पडला नाही. कामावरून आलो की दालचिनीची मेणबत्ती लावायची, जेवण होईतो जळू द्यायची, मग झाकण ठेवून विझवायची. ही करायची तसंच. पावसाच्या खोक्यात दोन बरण्या भरलेल्या आहेत. उन्हाळ्याचं मात्र काहीच नाही. दर मार्चमध्ये जाऊन नवीन आणत असणार. कुठून? कुठला वास? सव्वीस वर्षं याच घरात जेवलो, झोपलो, आणि मला ठाऊक नाही!

बरण्या हुंगून पाहिल्या. भांड्यांचा साबण.

४ मार्च

दालचिनी लावून बसलो. बाहेर ऊन, आत दालचिनी. मुक्काम वाढवलेल्या पाहुण्यासारखा वास. घामाने बनियन ओलं. विझवली.

६ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत थोरलीला फोन केला. मुलगी ती, पण लग्नाला चार वर्षं झाली आणि राहते बसने पाच तासांवर, त्यामुळे फोनवरच भेट. आई गेल्यावर आठ दिवस राहून गेली ती गेलीच. परत पाय ठेवलेला नाही. मीही म्हटलं नाही काही. तिचा संसार, तिची नोकरी.

विचारलं, ‘‘उन्हाळ्यात आई कुठली मेणबत्ती लावायची गं?’’

पलीकडे दार लोटल्याचा आवाज. मग ती हळू बोलली.

‘‘बाबा, काही लावू नका ना.’’

‘‘का?’’

‘‘दार उघडलं की आईचा वास येतो. मला नाही सहन होत. म्हणून तर येत नाही मी.’’

मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, ठेवते. लिफ्टच्या मशीनरूममध्ये तसाच उभा राहिलो, हातात पाना. पाच महिने मी रोज न चुकता तोच वास लावत बसलो होतो!

८ मार्च, रविवार

धाकटा आला. मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दर रविवारी कपड्यांची पिशवी घेऊन येतो. मशीन इथे आहे म्हणून – मला भेटायला येतो असं तोही म्हणत नाही, मीही म्हणत नाही.

दोन दिवस मेणबत्ती बंद होती. हा दारातच थांबला.

‘‘घराला काय झालंय?’’

‘‘काय झालंय?’’

‘‘वास नाही. दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं वाटतंय.’’

मी ताईचं सांगितलं. तो चिडला. म्हणाला, ‘‘ती येतच नाही, आणि मी दर आठवड्याला येतो. माझं काय? आईचं एवढंच तर उरलंय इथे.’’ कपडे वाळायच्या आत, ओलेच पिशवीत कोंबून गेला.

एकाला वास हवा म्हणून येतो, एकीला नको म्हणून येत नाही. मी मध्ये. काडेपेटी हातात!

१० मार्च

आज बारा मजली इमारतीत लिफ्टचे दोर तपासायचं काम. केबिनच्या टपावर उभा राहून हळूहळू वर गेलो. या शाफ्टमध्ये सगळ्या घरांचे वास साचतात. तिसऱ्यावर कुणाची तरी फोडणी, पाचव्यावर ओला कुत्रा, आठव्यावर अत्तर – फार अत्तर. डोळे मिटून मजला सांगेन मी. आणि स्वतःच्या घराचा वास कसा होता ते सांगता येत नाही. ग्रीसच्या खालून जेवढा कळायचा तेवढाच.

१४ मार्च, शनिवार

दुकान सापडलं! एका बरणीच्या बुडाला अर्धी चिठ्ठी चिकटलेली होती, त्यावर रस्त्याचं नाव. पडदे आणि चादरींच्या दोन दुकानांच्या मधे, दहा पावलांत संपणारं. आत मेणबत्त्या, बाटल्या, काड्या, कपाटात ठेवायच्या सुगंधी पुड्या. शिरल्या शिरल्या सतरा वास अंगावर आले. बाहेरच पडणार होतो, पण दुकानातल्या बाईंनी हाक मारली.

‘‘काका, काय हवंय?’’

‘‘उन्हाळा,’’ मी म्हणालो. गाढवच मी.

त्या हसल्या नाहीत. स्टूल दिलं. म्हणाल्या, तीन वासांनंतर नाक थकतं, मग आपलीच बाही हुंगायची आणि पुढचा घ्यायचा. माझ्या बाहीला ग्रीस! तीही हुंगली त्यांनी. म्हणाल्या, चालेल.

मग समजावून सांगितलं. उकाड्यात वास दुप्पट चढतो, म्हणून हलकं घ्यायचं – लिंबू, पुदिना, काकडी. पावसात हवा दमट, वास हलत नाही, तिथे निलगिरीसारखं तिखट. जड आणि गोड थंडीला. मेणबत्ती पहिल्यांदा लावली की वरचं सगळं मेण कडेपर्यंत वितळू द्यायचं, नाहीतर मधेच खड्डा पडतो. वात दर वेळी कातरायची, काजळी धरत नाही. मी सगळं ऐकून घेतलं, नवीन मशीन आलं की कंपनीचा माणूस सांगतो तेव्हा ऐकतो तसं.

रिकामी बरणी दाखवली. त्यांनी ओळखली. हिला ओळखलं! निळा चष्मा, हळू बोलायच्या, ना? मी म्हटलं, हो. गेली. त्यांनी बरणी हातात घेऊन फडक्याने पुसली.

‘‘उन्हाळ्याला त्या लॅव्हेंडर न्यायच्या. सहा. दर वर्षी.’’

‘‘तिला आवडायचा का फार?’’

‘‘त्यांना? छे! त्यांचं डोकं चढायचं त्याने. म्हणायच्या, आमच्या ह्यांना आवडतो.’’

मला??

काहीच न घेता घरी आलो.

१५ मार्च, रविवार

मला आवडतो असं मी कधी म्हणालो? सकाळपासून आठवतोय. पेपर वाचताना ‘छान आहे’ म्हणालो असेन. ही काहीही विचारायची तेव्हा मी पेपरातून मान न काढता ‘छान आहे’ म्हणायचो. खरं सांगायचं तर मला तो वास औषधाच्या दुकानासारखा वाटायचा. हिला आवडतो म्हणून गप्प राहिलो.

म्हणजे हिचं डोकं चढायचं, मला आवडत नव्हता, आणि दर उन्हाळ्यात सहा बरण्या जळायच्या. वेडेपणा की काय! हसू येतंय आणि हसता येत नाही.

धाकटा आला नाही. फोनही नाही.

२१ मार्च, शनिवार

परत दुकानात. ठरवून गेलो – आईचा नको आणि बिनवासाचंही नको, पूर्ण नवीन घ्यायचा. लिंबू घेतलं. दोन मेणबत्त्या आणि एक काड्यांची बाटली, सुगंधी तेलात काड्या बुडवलेली. बाईंनी बजावलं, काड्या आठवड्यातून एकदा उलट्या करा, आणि झोपायच्या खोलीत काही नको.

घरी आल्यावर थोरलीला फोन.

‘‘वास बदलला. आता लिंबू आहे. ये तू.’’

‘‘लिंबू?’’ ती म्हणाली. ‘‘बाबा, लिंबूही आईच लावायची.’’

‘‘लॅव्हेंडर लावायची. दुकानात विचारून आलोय मी.’’

‘‘मला लिंबूच आठवतं,’’ ती म्हणाली. आवाज बसल्यासारखा. मी विचारलं, सर्दी झालीय का? हो म्हणाली. जावईबापू कसे आहेत? बरे आहेत. मग एकदम विचारलं, ‘‘माझ्या मधल्या खोलीत काय ठेवलंय सध्या?’’

‘‘इस्त्रीचं टेबल.’’

‘‘बरं,’’ म्हणाली आणि ठेवला.

काही कळेना. कुणाचं खरं धरायचं – दुकानाचं की पोरीचं? आणि इस्त्रीच्या टेबलाचं काय मधेच?

२९ मार्च, रविवार

धाकटा तीन आठवड्यांनी आला. दारात नाक वर केलं.

‘‘बाबा, फरशी पुसलीत का?’’

‘‘मेणबत्ती आहे ती. लिंबाची.’’

‘‘दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय,’’ तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. आई शेवटचे अकरा दिवस तिथेच होती. मी उठून काड्यांची बाटली गॅलरीत नेऊन ठेवली. तो मागून आला. म्हणाला, ‘‘चुकलं माझं. लावा तुम्हाला हवं ते.’’

मला काय हवंय ते कुठे ठाऊक आहे मला!

३० मार्च

गॅलरीतल्या बाटलीला मुंग्या.

४ एप्रिल, शनिवार

सुट्टी टाकली. पडदे उतरवून धुतले. कपाटातल्या सगळ्या पुड्या काढल्या – हिच्या साड्यांमधल्याही. एकेक साडी झटकून परत घडी घातली, घडी नीट जमली नाही. उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं, पायपुसणी, सगळं धुतलं. भिंतीसुद्धा ओल्या फडक्याने. लिंबू, दालचिनी, पावसाच्या दोन बरण्या – सगळं एका पिशवीत घालून दुकानात देऊन आलो. बाई म्हणाल्या, ‘‘काका, इतकं नका करू.’’ म्हटलं, पोरीला यायचंय.

दिवसभर खिडक्या उघड्या. संध्याकाळी बसलो तेव्हा कसलाच वास नव्हता. थोडं ग्रीस, तो मी.

तिला फोन करून सांगितलं, सगळं धुऊन काढलंय, आता काही येत नाही, हुंगून बघ हवं तर. हसेल वाटलं. ती रडायला लागली. ‘‘बाबा, तुम्ही का केलंत एवढं?’’ म्हणाली. तुझ्यासाठीच की! तर आणखी रडली. मागून कुणीतरी मोठ्याने काही बोललं. पुरुषी आवाज. ‘‘बघते मी,’’ म्हणून घाईने फोन ठेवला.

आईच्या आठवणीने रडली असेल. आणखी कशाने?

१२ एप्रिल, रविवार

धाकट्याने आज एक सांगितलं, मशीन लावता लावता, सहज. फेब्रुवारीत त्याच्या कंपनीच्या कामाला तो ताईच्या गावी गेला होता, तेव्हा तासभर तिच्याकडे डोकावून आला.

‘‘तिच्याकडे तीच दालचिनी लागली होती. आईचीच बरणी. इथून नेलेली दिसली.’’

‘‘कुठे लागली होती?’’

‘‘स्वयंपाकघरात. ओट्याला टेकून तिथेच बसली होती. दाजी बाहेर टीव्ही बघत होते, माझ्याशी धड बोललेही नाहीत.’’

मी विचारलं, मग तिला तो वास सहन होत नाही ते? त्याने मशीनचं झाकण लावलं. मशीनचं पाणी भरत होतं.

सहन होत नाही तर स्वतःच्या घरी का लावते? आणि लावते तर मला नको का म्हणते? मग मी भिंती कशासाठी पुसल्या? संध्याकाळपर्यंत डोकं भणभणलं. माझ्या कामात असं झालं – दिवा चौथ्यावर लागतो आणि केबिन सहाव्यावर उभी असते – तर मी दिवा बघत बसत नाही. शाफ्टमध्ये उतरतो.

१३ एप्रिल, सोमवार

तिला ऑफिसच्या वेळेत फोन केला, घरी कुणी नसेल मागे, अशा बेताने. ऑफिसातली मुलगी म्हणाली, त्या दोन दिवस रजेवर आहेत. मोबाइल लावला. उचलला.

‘‘मेणबत्तीबद्दल नाही विचारत,’’ मी म्हणालो. ‘‘तू घरी का येत नाहीस?’’

एवढं सरळ मी हिलाही कधी विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, ‘‘बाबा, आत्ता नाही बोलता येणार.’’

‘‘बरं. मी येऊ?’’

‘‘नको. तुम्ही नका येऊ. प्लीज.’’

१६ एप्रिल

फोन नाही. आज सहाव्या मजल्यावर दोन बोल्ट उलटे बसवले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

१९ एप्रिल, रविवार

थोरली आली. दुपारी तीनला. एकटी, तीन बॅगा, डाव्या मनगटाला पट्टी. धाकट्याने दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला.

मी पुढे झालो. ती उंबऱ्याबाहेरच थांबलेली. म्हणाली, ‘‘वासाचं मी खोटं सांगत होते, बाबा. एकदा इथे आले असते तर परत जाववलं नसतं, म्हणून येत नव्हते.’’

बॅगा आत घेतल्या.