दुकानाची बंदूक

रेणापूर,
मार्गशीर्ष, १९८३

प्रिय गौरम्मा,

तुझ्या भाच्याचं, बसूचं, लग्न ठरलं. मुलगी उदगीरची, तोंडानं फटकळ. आमच्या घरात असं कुणीतरी हवंच होतं. लातूरचा जिल्हा झाल्यापासून इथल्या मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांची मान इतकी ताठ झालीय की एखाद्याचं पागोटं मागे पडायचं. तुझे दाजी त्यांतलेच. वाजतगाजत वरात काढायची म्हणतात. हे वाचून तू थांबली असशील, ठाऊक आहे मला.

बहात्तरच्या दुष्काळात धान्याचं दुकान लुटलं जाईल या धास्तीनं यांनी बंदुकीचा परवाना काढला. लुटायला कुणी आलं नाही. उपाशी माणसं आली, त्यांनी नुसती ओंजळ पुढे केली. मग बंदूक खंडेनवमीला हळदकुंकू लावून घ्यायची आणि लग्नात बार काढायची, एवढंच तिचं काम. चोरावर एकदाही उडाली नाही गं. उडाली ती माझ्या धाकट्या दिराच्या, वीरण्णाच्या वरातीत. बार यांनीच काढला; हवेत काढला होता, असं आजही म्हणतात. हवेत म्हणजे आमच्याच माडीच्या सज्जाकडे, आणि सज्जात तुझी सिंधू वरात बघत उभी होती.

आठ वर्षांची पोर. आपल्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिला पुरताना मातीत मांडी घालून बसवलं, हातावर इष्टलिंग ठेवलं, तेव्हा तिची मान सारखी कलत होती आणि तू ती सावरत होतीस. ते काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. कोर्टात अपघात ठरला. ‘कुणाचं काय चुकलं न्हाई अक्का, लेकराचं आयुष्यच तेवढं हाय,’ म्हणालीस आणि देगलूरला निघून गेलीस. आई गेल्यापासून माझं घर तुझं माहेर, म्हणून पंचमीला येतेस आणि त्याच सज्जाखालून आत शिरतेस.

आता उस्मानाबादची दप्तरं लातूरला आली. नव्या कलेक्टरसाहेबानं परवाने कडक केलेत. जिच्यामुळं जीव गेला ती बंदूक तेव्हापासून ठाण्यात जमा आहे, ती आता सहजी सुटत नाही. वीरण्णा म्हणतात, कायद्यानं काय होतं, मारणारा कुऱ्हाडीनंही मारतो. मारत असेल. पण कुऱ्हाड घेऊन वरातीत कुणी नाचत नाही, आणि नाचलाच तर चार जण हात धरतात. सुटलेल्या गोळीला कोण धरणार? कायद्यानं जगातली मारामारी थांबेल का, मला सांगता येत नाही. ज्या घरात बंदूक नाही, त्या घरच्या वरातीत अशी पोर जात नाही, एवढं कळतं.

यांना बसूच्या वरातीसाठी बंदूक परत हवी आहे. मुलीच्या आईची हरकत नसेल तर बघू, असं साहेब म्हणाले. म्हणून सोमवारी वीरण्णा कागद आणि लुगडं घेऊन तुझ्याकडे येतील. तू सही करशील, मला भीती आहे. सासरी माझी मान खाली जाऊ नये म्हणून तू इतकी वर्षं सगळं गिळलंस. गौरे, आता गिळू नकोस. सही करू नकोस. लातूरला ये आणि ‘माझी हरकत आहे’ म्हणून साहेबासमोर सांग. यांना अजून बोलले नाही, पण त्या दिवशी मी तुझ्या शेजारी उभी राहणार आहे, यांच्या नाही.

तुझीच,
अक्का