तुझी मोठी सून आणि गढ्याचं राज्य

आई, तू आत्ता असतीस तर दादानं तुलाही दिवसातून चारदा फोन करून विचारलं असतं, की गढा गेलाच कसा. एका परीनं तू सुटलीस. मी नाही सुटले. गेला महिनाभर मी कॉलेजात शिकवतेय, घर बघतेय, आणि उरलेला सगळा वेळ शिकल्यासवरल्या, केस पांढरे झालेल्या माणसांना समजावून सांगतेय की खेळ हा खेळ असतो. कोणाला पटत नाही. चिडचिड होते, पण बोलायची सोय नाही, कारण जिला बोलावं ती प्रत्येक व्यक्ती त्या खेळात आहे. म्हणून तुला लिहून राहिले.

तर मी एक खेळ चालवते, म्हणजे परवापरवापर्यंत चालवत होते. पट आहे, पण कागदाचा नाही, फोनवर दिसतो. सात जण आपापल्या घरून खेळतात. प्रत्येकाकडे एक राज्य आणि थोड्या फौजा. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाला दोष द्यायची जागाच नाही. आधी सगळ्यांनी एकमेकांना खाजगीत लिहायचं, तू मला साथ दे, मी तुला सागर शहर देतो, तू त्याला अडव, मी मागून येतो. मग प्रत्येकानं आपले हुकूम गुपचूप नोंदवायचे. ठरलेल्या सकाळी सगळ्यांचे हुकूम एकदम उघडतात, आणि तेव्हा कळतं कोण खरं बोलत होतं. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, असा नियम नाही. तसा नियम नाही हे मी पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय, आणि ते आजवर एकानंही वाचलेलं नाही. "दीदी, ये तो सरासर धोखा है!" होय भैया, धोकाच आहे, त्याचाच खेळ आहे. इंदूरचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांच्याकडे हुकूम द्यायच्या दिवशी हमखास पाहुणे येतात. एक बाई हरायला लागल्या की त्यांचं इंटरनेट जातं. सगळ्यांना वाटतं मी त्यांची आई आहे.

कॉलेज बंद होतं, सगळे घरात अडकले होते, तेव्हा मी हे तयार केलं. कॉम्प्युटर शिकवते, तर म्हटलं काहीतरी करावं. नकाशा मात्र आपलाच घेतला. नर्मदा, वैनगंगा, गढा, मंडला, सागर, नागपूर. त्यात आजची दोन राज्यांमधली सीमा नाही. तू म्हणायचीस ना, एका सकाळी पेपर आला आणि माझं नागपूरकडचं माहेर दुसऱ्या राज्यात गेलं, मला कोणी विचारलं पण नाही. नकाशा काढताना ते आठवलं, आणि ती रेघ मी काढलीच नाही. दादाला घेतलं, कारण निवृत्त झाल्यापासून तो घरभर येरझाऱ्या घालायचा आणि वहिनीला भेंडी कशी चिरायची ते सांगायचा. धाकट्याला नागपूरहून घेतलं. आणि वहिनीला घेतलं ते निव्वळ सातवा गडी मिळेना म्हणून. "अगं, मला काय जमतं त्यातलं," ती म्हणाली. दादा म्हणाला, "राहू दे, आकडा पुरा होईल. मी सांगत जाईन तिला काय करायचं ते."

दादाला गढा मिळाला, धाकट्याला नागपूर, वहिनीला मंडला. पहिल्या काही फेऱ्यांत वहिनीनं काहीच केलं नाही. हुकूम उघडले की मंडल्याचा एकच ठरलेला हुकूम, जागेवर थांबणे. बाकीच्या सहा जणांनी तिची भीतीच सोडली. दादा मला फोनवर म्हणाला, "तिला समजतच नाही गं, पण चलो, वेळ जातो तिचा." मग एका सकाळी दादानं आपली सगळी फौज गढ्यातून काढून सागरवर नेली, गढा रिकामा टाकला, आणि त्याच सकाळी धाकट्याची नागपूरची फौज सरळ गढ्यात शिरली. दोघांचा करार होता एकमेकांना हात न लावायचा. झालं. आमचं खरं महाभारत तिथून सुरू.

तुला आठवतो लहानपणीचा दादा? हरायला लागला की सापशिडीचा पट उधळायचा, सोंगट्या कपाटाखाली. तू त्याला जेवायला वाढायची नाहीस जोवर तो पोटावर सरपटत एक-एक सोंगटी काढत नाही. आता तो आजोबा व्हायच्या वयाचा आहे, आणि फोनवरचा पट उधळता येत नाही, म्हणून त्यानं धाकट्याशी बोलणं टाकलं. नुसतं तेवढंच असतं तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण धाकट्याच्या मुलीचा साखरपुडा तोंडावर आलेला. बाबा नाहीत, तू नाहीस, घरातला मोठा म्हणून पाटावर दादानंच बसायचं. आणि हा म्हणतो, "मी येणार नाही. जो माणूस पटावर दगा देतो, तो घरात काय करेल?" धाकटा मला फोन करून रडवेला. "ताई, दादा फोनच नाही उचलून राहिला. पोरगी विचारते, मोठे बाबा काहून येत नाहीत. मी काय सांगू तिला? पटावरचा गढा घेतला म्हणून?"

वर दादानं माझ्याकडे रीतसर तक्रार केली, की धाकट्यानं त्याचे हुकूम चोरून पाहिले, नाहीतर गढा त्याच दिवशी रिकामा असणार हे त्याला कळलं कसं? आता तक्रार आली की मला खेळाडूंचे आपसातले निरोप उघडून बघावे लागतात, एरवी मी बघत नाही. मी चहाचा कप घेऊन बसले, निरोप उघडले, आणि आई, चहा गार होऊन गेला. हुकूमबिकूम कोणी चोरले नव्हते. मंडल्यानं नागपूरला लिहिलं होतं, "भाऊजी, या वेळेस गढा रिकामा राहील. तुम्ही या. माझं नाव घेऊ नका, तुम्हाला माझी शपथ." आणि गढा रिकामा राहील हे तिला पक्कं ठाऊक होतं, हेही तिनंच खाली लिहिलेलं, कारण सागरवर सगळी फौज घेऊन जा, हे दादाच्या डोक्यात रोज सकाळच्या चहाबरोबर तीच घालत होती. त्याला वाटत होतं, ही आपली कल्पना आहे.

तू सगळ्यांना सांगायचीस, माझी मोठी सून म्हणजे गाय आहे गाय. पाटनच्या बाजारात अडत करणाऱ्या माणसाची मुलगी, आई! घरी चहा पाजून भाव पाडणारी माणसं बघत मोठी झालेली. आणि आपण सगळे तिला गाय समजून बसलो.

मला इतका राग आला की काय सांगू. वहिनीचा नाही, त्या परिस्थितीचा. धाकटा शपथेखातर दादाच्या शिव्या खाऊन राहिला, तोंडातून चकार शब्द काढत नाही. मी चालवणारी, दुसऱ्याचा निरोप फोडणं मला मना. तक्रारीला उत्तर एवढंच देता आलं की नियम मोडलेला नाही. त्यावर दादा म्हणाला, "अच्छा, म्हणजे तूही त्याच्याकडून." एका क्षणी जिभेवर आलं होतं, की अरे शहाण्या, जी तुला पोळी वाढतेय तिला विचार. पण दीक्षितपुऱ्यातलं आपलं स्वयंपाकघर आठवलं. त्या शेजारच्या दोघी जावा, एक सकाळी यायची, एक दुपारी, तू तांदूळ निवडत दोघींचं ऐकायचीस. एकदा मी मध्येच तोंड उघडणार, "पण त्या काकू तर—" तोच तू असे डोळे वटारलेस की मी पाणी प्यायला उठले. मागाहून म्हणालीस, "इथलं बोलणं उंबऱ्याबाहेर गेलं ना, तर उद्या इथे कोणी बसणार नाही." तुझं ते बरं होतं. तुझ्या त्या दोघींपैकी कोणाच्या मुलीचा साखरपुडा अडला नव्हता.

शेवटी रविवारी सकाळी उठून मी दादाकडे गेले. म्हटलं, हात जोडीन, पाया पडीन, पण याला नागपूरला यायला लावीन. वहिनी पोहे करत होती, दादानं कमानिया गेटवरून जलेबी आणलेली. मी सुरुवात केली, "दादा, पोरीचा काय दोष?" तो म्हणाला, "विषय नको." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हुकूम उघडले होते. त्यानं चष्मा चढवला, बघितलं, पुन्हा बघितलं.

"गढ्यात मंडल्याची फौज?" तो म्हणाला. "नागपूरला हाकललं? अरे, मंडला म्हणजे... मंडला म्हणजे तर तू!"

"हो," वहिनी म्हणाली. "लिंबू पिळू का पोह्यांवर?"

"सागरचं तर फक्त तुलाच ठाऊक होतं. धाकट्याला तू आणलं होतं गढ्यात?"

"मीच. अन् सागरला तुम्हाला मीच पाठवलं. भाऊजींना काही म्हणू नका, त्यांना मी शपथ घातली होती."

दादानं फोन टेबलावर पालथा ठेवला. मला वाटलं आता ताटली भिरकावतो. पण त्यानं चष्मा काढून ठेवला. म्हणाला, "पण काहून? मला काहून?"

वहिनीनं गॅस बंद केला. ओरडली नाही, रडली नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला कोणी विचारलं नाही की तुला काय वाटतं. कोणता रंग लावायचा, मुलाला कुठे शिकवायचं, आई दवाखान्यात असताना काय करायचं. सगळं ठरून माझ्याकडे यायचं, चहा टाकायला. ह्या खेळात रोज पाच जणं मला लिहून विचारतात, तुमचा काय विचार आहे, तुम्ही काय करणार. इंदूरचे प्रोफेसर पण विचारतात, जी लावून. फक्त तुम्ही नाही विचारलं. तुम्ही मला हुकूम सांगत होता. म्हणून पहिला घेतला तो गढा."

मी जलेबीकडे बघत बसले. तिला न विचारणाऱ्यांत तुझंही नाव होतं आई, कळलं ना तुला.

दादा पोहे न खाताच गच्चीवर गेला. तिथून त्याचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता. धाकट्याला फोन लावला होता. "बायको माझी, अन् तू तिचं ऐकतो? गधा आहेस तू!" मग पोरीची चौकशी. मग, "पाटावर बसायला धोतरच पाहिजे का, पायजमा चालतो?" मी तिथेच टेबलावर डोकं टेकलं. महिनाभर माझं रक्त आटवून हा माणूस पायजम्यावर आला.

साखरपुडा झाला. दादा धोतरात बसला. वहिनीशी मात्र घरी आठवडाभर फुगून होता, आणि मग एक दिवस त्यानं तिला विचारलं म्हणे, बैठकीतला जुना सोफा ठेवायचा का काढायचा. ती म्हणाली, "बघते, सांगते." अजून सांगितलेलं नाही. दादा मला फोन करतो, "तिला विचार ना, काय ठरलं ते." मी कशाला विचारू? तुमच्या सोफ्याची पण मीच पंच?

डाव वहिनीनंच जिंकला. आता नवीन सुरू झालाय, आणि चालवायला मी ठाम नाही म्हटलं. ते धाकट्याच्या गळ्यात घातलंय, आणि तो आता मला फोन करून म्हणतो, "ताई, ही माणसं वेडी आहेत का गं?" मी या वेळी खेळतेय. मला सागर मिळालंय. दिवसभर फोन वाजत राहतो, ताई तुमचं काय मत, ताई तुम्ही कुठे जाणार, ताई तुमच्याशिवाय नाही होणार. मी प्रत्येकाला सांगते, वेळ नाही हो मला, कॉलेज आहे, घर आहे.

पत्र तर कुठे टाकू. तुला म्हणून सांगते, आई, फोन दहा मिनिटं वाजला नाही की मी तो हातात घेऊन बघते, बंद तर पडला नाही ना.