दादासाठी घरचा सॉस

११ नोव्हेंबर, सोमवार

दादाने ताट सरकवलं. पुन्हा!

"हे जेवण नाही धाकट्या, शिक्षा आहे," म्हणाला. भात, उकडलेली भाजी, वर मिरपूड. दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

इस्पितळातून घरी आणल्यापासून हेच चाललं आहे. डॉक्टरीणबाईंनी निघताना मला बाजूला घेऊन बजावलं होतं — मीठ तोडा. हा झटका निभावला, पुढचा निभेल असं मी म्हणणार नाही. आणि ते बाटलीतले सॉस तर घरात ठेवूच नका. ज्याने उभी हयात नूडल्सच्या गाडीवर काढली, त्याला सांगायचं की सॉस विसर!

तो म्हणतो, जरा पाय चालायला लागले की गाडीवर परत जाणार. गाडी सध्या दुसऱ्या एकाला चालवायला दिली आहे. त्याचा रोज फोन येतो. दादा त्याच्याशी बोलतो तेवढं आमच्या कुणाशी बोलत नाही. तिथे गेला की एकटाच राहणार आणि उभ्याउभ्या तेच खाणार. पुढचं लिहवत नाही.

१२ नोव्हेंबर

सकाळी देवापुढे उभा राहिलो. त्याला आयुष्य दे म्हणणार होतो. तोंडातून निघालं — त्याला भूक दे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

गाडीवरची बाटल्यांची पेटी दादाच्या सामानातून घरी आली आहे. काळा सॉस, लाल सॉस, हिरवा सॉस, नव्याकोऱ्या, सील न फोडलेल्या. एक उलटी करून बारीक अक्षरं वाचली. बाइंडिंगच्या दुकानात पुस्तकं बांधता बांधता हाताखाली येईल ते वाचायची खोड लागली आहे, त्यातून बाटलीही सुटत नाही. पाणी, मीठ, साखर, रंग, मग नुसते आकडे. यादीत मीठ इतकं वर!

दुकानात दिवसभर तेच डोक्यात. जिभेला खरंच मीठच हवं असतं का? आंबट असतं, तिखट असतं, करपल्यासारखा एक गोडवा असतो, धुराचा वास असतो. मिठाने हात काढून घेतला तर ही बाकीची मंडळी आपापल्या पायांवर उभी राहतील की नाही?

हिला म्हटलं, सॉस घरी करून बघू का?

ही म्हणाली, "अहो, आधी चहा उतू न घालवता करून दाखवा."

पेटी टाकून द्या, असंही म्हणाली. मला नाही टाकवत. काहीही झालं तरी अन्न आहे. पेटी दुकानात नेऊन ठेवली.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज पहिला सॉस! सुकी मशरूम रात्रीच भिजत घातली होती. त्यांचं पाणी चहापेक्षा काळं निघालं. त्यात ठेचलेलं आलं, लसूण, चार खजूर, मिरी, आणि आटत आल्यावर व्हिनेगर. मीठ नाही. घरभर वास. शेजारीण दारातून डोकावून गेली.

दाट करायला मक्याचं पीठ. इथे मात्र माझा हात बसलेला — दुकानात रोज खळ शिजवतो. पीठ गार पाण्यात कालवायचं, आच मंद, ढवळणारा हात थांबवायचा नाही. एक गुठळी झाली नाही. तुकतुकीत, काळाभोर. मीच किती वेळ बघत बसलो.

दादाने चमचा बुडवून वर धरला. सॉस चमच्याला लोंबून राहिला, खाली पडेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं.

"धाकट्या, हा दुकानात ने. शंभर वर्षं पान सुटायचं नाही पुस्तकाचं."

ही पदर तोंडाला लावून हसायला लागली. मीही हसलो. पण दादा जेवला नाही.

१९ नोव्हेंबर

खळीत मी मोरचूद टाकतो, कीड लागू नये म्हणून. बाटलीवाले त्यांचं काहीतरी टाकतात. माझ्या सॉसमध्ये काही नाही, म्हणून आज तो फसफसला. ओतून द्यावा लागला. फार जीव कळवळला. मग वाटलं, बरंच आहे. थोडं करावं, वेळेत खावं, पुन्हा करावं. रोजच्या पूजेसारखं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

लाल सॉस. सुक्या मिरच्या गरम पाण्यात, लसूण तव्यावर भाजलेला, व्हिनेगर, थोडा खजूर. पीठ अजिबात घातलं नाही — एकदा हसू झालं तेवढं पुरे. दादाला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. मला शिव्या. गावाकडच्या अस्सल शिव्या, किती दिवसांनी ऐकल्या! शिव्या घालायला का होईना, उठून बसला. आणि शिव्या घालता घालता अर्धा भात संपवला.

ही आतून म्हणाली, "भाऊजी, आणखी वाढू का, की आणखी शिव्या आहेत?"

"दोन्ही वाढ," म्हणाला.

पेटीतली पहिली बाटली संपली, दुसरी मी दुपारी दुकानात फोडली. डब्यातल्या भातावर ओतून घेतो. चांगला लागतो, खोटं कशाला लिहू. दादाला द्यायचा नाही, टाकवत नाही, मग कुणीतरी संपवायलाच हवा.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

संध्याकाळी नूडल्स परतत होतो. काळा सॉस आता पातळ ठेवतो. वाटी उचलली आणि कढईच्या मधोमध ओतली. मागून आवाज आला — "अरे अरे अरे!" वळून बघतो तर दादा दारात. भिंतीला धरून उभा. पलंगापासून तिथपर्यंत एकटा आला होता!

"मध्ये काय ओततोस? झाडाला पाणी घालतोयस?"

"मग कुठे ओतू?"

"सरक."

सरकलो. त्याने सगळं ताटात काढून कढई पुसायला लावली. कढई पुन्हा तापत ठेवली, धूर दिसेपर्यंत. भाजी, नूडल्स, उलथन्याने दोन फटके. मग सगळं मधे गोळा केलं, कडेचं लोखंड उघडं पाडलं आणि वाटीत उरलेल्या सॉसची बारीक धार त्या तापलेल्या कडेवरून फिरवली. चर्रर्र! वास असा उठला की ही हातातलं काम टाकून आली.

"कडेवर जळला पाहिजे," म्हणाला. "जळला की त्याचा वास होतो. मधे पडला की नुसता ओलावा. गाडीवर लोक लांबून वासावर यायचे, मिठावर नाही."

एवढं बोलून धाप लागली. खुर्ची दिली. खुर्चीवर बसून ताटभर खाल्लं. मीठ कणभर नव्हतं. त्याने विचारलंही नाही.

मी पुस्तकात डोकं घालून मशरूम आणि खजुराचा हिशेब करत बसलो, आणि अर्धी चव लोखंडात होती! देवाचे आभार मानले. कढईलाही मनातल्या मनात नमस्कार केला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दादा आता ओट्याशी खुर्ची टाकून बसतो आणि हुकूम सोडतो. तीळ भाजून वाटले, लिंबू पिळलं, लसणाचं पाणी — पांढरा सॉस. "बरा आहे," म्हणाला. त्याच्या तोंडी बरा म्हणजे फारच झालं.

पायांची सूज उतरली आहे. पण त्याबरोबर जायचं बोलणंही वाढलं. "आता मला काय झालंय? पुढच्या महिन्यात गाडी ताब्यात घेतो." ही म्हणाली, इथेच राहा ना भाऊजी. तर म्हणाला, "इथे बसून करू काय? धाकट्याच्या घरी फुकटचं खाऊन भिंती बघत राहू?"

म्हणजे मी त्याला बरा करतोय तो जायला! देवाकडे काय मागावं तेच कळेना. आज काही मागितलं नाही. नुसता बसलो.

३० नोव्हेंबर

मान आखडली आहे. डोकं जड. पुस्तकांच्या थप्प्या उचलल्या म्हणून असेल.

३ डिसेंबर, मंगळवार

दादा पहिल्यांदा घराबाहेर पडला आणि थेट दुकानात आला. काठी टेकत, मधे दोनदा थांबत. मी नेमका जेवत होतो.

त्याने डब्यात पाहिलं. काळाकुट्ट भात. मग फळीवर पाहिलं — रिकाम्या बाटल्या धुऊन ओळीने लावल्या होत्या, डिंक भरायला. पेटीत तळाशी दोनच उरलेल्या.

"हे सगळं तू खाल्लंस?"

"टाकवत नव्हतं, दादा."

मला वाटलं आता तासभर चेष्टा होणार. झाली नाही. स्टुलावर बसला. माझा डबा पुढे ओढून झाकण लावलं.

"मला मशरूमचं पाणी पाजतोस आणि स्वतः हे पितोस? भात सगळा खारट झाला असेल. चव कळते का तुला अजून?"

"चांगला लागतो," मी म्हणालो.

"लागणारच! मीच तर विकत होतो." मग मला निरखून पाहिलं. "डोकं दुखतं का रे तुझं?"

नाही म्हणणार होतो. त्याच्यापुढे लहानपणापासून खोटं टिकत नाही. मान हलवली.

"उठ. दुकान बंद कर."

५ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंनी दोघांचा रक्तदाब मोजला. दादाचा उतरलाय. माझा त्याच्याहून वर निघाला! गोळी सुरू केली. मीठ बंद.

घरी आल्यावर दादाने गाडीवाल्याला फोन लावला. दार उघडंच होतं, सगळं ऐकू आलं.

"गाडी तूच ठेव," म्हणाला. "मला घरी काम लागलंय."